शाळेत तुमच्या कामाचं दुसरं कुणी नाही, म्हणूनच जा

ताई, नमस्कार.
सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत मी प्रयोगशाळा सहाय्यक आहे. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला एका महाविद्यालयात शाळांमधल्या प्रयोगशाळा सहाय्यकांचं दोन दिवसांचं संमेलन आहे. आमच्या विज्ञानाच्या सरांनी माझं नाव परस्पर कळवलं आणि आयोजकांनी मला दहा मिनिटं अनुभव सांगायला बोलावलं. तेव्हापासून झोप उडाली आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "संमेलनं शिक्षकांची असतात, तुम्ही जाऊन काय करणार? आणि दोन दिवस लॅब कोण बघणार?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. मी बोलणार काय? आमच्या लॅबमध्ये धड पाणी येत नाही, बेसिनची लाइन तुंबलेली, रसायनांना पैसे नाहीत. मुलं साठ, परीक्षानळ्या तीस. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांतल्या खळग्यांत थेंब थेंब घालून कसंबसं भागवते. मोठ्या शाळांतल्या लोकांसमोर हे सांगायचं? घरी सासूबाई तोंडाने काही म्हणणार नाहीत, पण मुक्काम म्हटलं की चेहरे बदलतात. जाऊ की नको? आणखी एक, जुन्या कपाटात लेबल निघालेली, तळाशी पिवळे खडे असलेली एक बाटली आहे. ती पिशवीत घालून तिथे दाखवायला नेऊ का?
एक प्रयोगशाळा सहाय्यक

नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं थोडं थांबू शकतं, हे नाही. ती बाटली नेऊ नका. हलवू नका, पुसू नका आणि काहीही झालं तरी तिचं बूच फिरवू नका. पिवळे खडे म्हणजे साधा गंधक असू शकतो, पोटॅशिअम क्रोमेट असू शकतं, आयोडोफॉर्मही असू शकतं. पण ते पिक्रिक आम्लही असू शकतं. पूर्वी जीवशास्त्राचे नमुने टिकवायच्या द्रावणांत ते घालत, त्यामुळे जुन्या शाळांच्या कपाटांत ते सापडतं. पिक्रिक आम्ल पाण्याने ओलं ठेवायचं असतं. वर्षानुवर्षं पडून ते वाळलं की घर्षणाने किंवा धक्क्याने त्याचा स्फोट होऊ शकतो, आणि बुचाच्या आट्यांत अडकलेले बारीक कण तर सगळ्यात धोक्याचे. बूच फिरवताना नेमके तेच घासले जातात.

म्हणून उद्या शाळेत गेल्यावर एवढंच करा. बाटलीला हात न लावता काचेबाहेरून मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. कपाट हळूच बंद करा, कुलूप लावा, किल्ली स्वतःकडे ठेवा आणि त्या बाजूला मुलांची बाकं असतील तर ती सरकवा. मग मुख्याध्यापकांना लेखी कळवा. तोंडी सांगू नका. कागदावर तारीख घालून द्या आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही घ्या. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला आणि अग्निशमन दलाला त्यांच्याकडून पत्र जाऊ द्या. संमेलनाला जाताना फक्त फोटो न्या, तिथे प्राध्यापक मंडळी भेटतीलच. आणि हीच नव्हे, ओळखीची, लेबल लावलेली, साध्या विरल आम्लाची बाटलीसुद्धा एसटीत किंवा रेल्वेत घेऊन चढू नका. गर्दीत फुटली तर कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही.

आता मुख्य प्रश्न. जा. नक्की जा.

कारण सांगते. तुमच्या शाळेत मराठीचे दोन-तीन शिक्षक असतील, गणिताचे दोन असतील. एखादा धडा कसा शिकवावा हे त्यांना अडलं तर ते शिक्षक-खोलीत शेजारच्या खुर्चीला विचारतात. प्रयोगशाळा सहाय्यक मात्र शाळेत एकच असतो. बऱ्याच शाळांत तर तोही नाही, पद रिकामंच आहे. ब्युरेटची तोटी घट्ट बसली, सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण काळं पडलं, फेरस सल्फेट हिरव्याचं तपकिरी झालं, तर तुम्ही कुणाला विचारता? सरांना विचाराल, पण त्यांचे तास लागलेले असतात, आणि द्रावण टिकवणं हा त्यांचा रोजचा विषय नाही. तुम्ही तो प्रश्न एकटीने सोडवता, तो सुटला हे कुणाला कळत नाही, आणि पाच कोसांवरच्या दुसऱ्या शाळेत तुमच्यासारखीच कुणीतरी तोच प्रश्न पहिल्यापासून सोडवत बसलेली असते. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आमच्या शाळेत मुलांना जे प्रयोग दिसले, ते टेबलाच्या मागे कुणीतरी सकाळी लवकर येऊन ट्रे लावले म्हणून दिसले. मी खडू हातात घेऊन समजावून सांगितलं, एवढाच माझा वाटा.

इंग्लंडमध्ये शाळांना प्रयोगांविषयी आणि सुरक्षिततेविषयी सल्ला देणारी क्लीप्स नावाची संस्था 1963 पासून आहे. वर्गणीदार शाळेतला प्रयोगशाळा तंत्रज्ञ फोन उचलून विचारतो, "ही बाटली सापडली आहे, काय करू?" आणि त्याला जाणत्या माणसाकडून उत्तर मिळतं. कुठलं रसायन कितपत धोक्याचं, ते कसं ठेवायचं, सांडलं तर काय करायचं, याची कार्डंच ती संस्था तयार करून देते. तुमच्या हाताशी असा फोन नाही. तुम्ही मला, एका सदर लिहिणाऱ्या बाईला, त्या पिवळ्या बाटलीबद्दल विचारलंत, यातच सगळं आलं. तो प्रश्न विचारायची तुमची हक्काची जागा म्हणजे हे दोन दिवस.

मुख्याध्यापकांचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका, पण हवेतही सोडू नका. त्यांची अडचण दुहेरी आहे. कागदावर काय दाखवायचं ही एक, आणि दोन दिवस लॅब कोण बघणार ही दुसरी. पहिलीसाठी आयोजकांकडून शाळेच्या नावाने रीतसर पत्र मागवा, त्यात तुमचं नाव आणि तुम्ही अनुभव मांडणार आहात हे असू द्या. ते पत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या मार्फत आलं असेल तर कर्तव्यार्थ उपस्थिती, म्हणजे तुम्ही शाळेच्याच कामावर आहात असं, धरणं त्यांना सोपं जाईल. नाहीच जमलं तर किरकोळ रजा टाकून जा. दोन रजा या कामी लागल्या तर त्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही, पण आधी कर्तव्यार्थ मागा, आपण होऊन रजेवर जाऊ नका. अर्जात "मला संमेलनास जाण्याची परवानगी मिळावी" एवढंच लिहून थांबू नका. पुढे लिहा: "संमेलनात जुन्या व बिनलेबल रसायनांची विल्हेवाट, आम्लांची साठवण आणि कमी रसायनांत प्रात्यक्षिकं घेण्याच्या पद्धती यांची माहिती घेऊन परत आल्यावर एक पानी टिपण सादर करीन." ती बिनलेबल बाटली त्यांच्या टेबलावर लेखी पोचलेली असेलच. तेव्हा तुम्ही कशाला जाताय हा प्रश्न ते पुन्हा विचारणार नाहीत.

दुसरी अडचण तुम्ही आधीच सोडवून ठेवू शकता. त्या दोन दिवसांत कुठल्या वर्गाची प्रात्यक्षिकं आहेत ते सरांशी बोलून बघा. भिंगाचा, काचेच्या चिपेचा, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा किंवा तयार स्लाइड बघण्याचा असा तास त्या दिवशी घ्यायला सांगा, सामान ट्रेमध्ये काढून ठेवा आणि रसायनांचं कपाट बंद करून जा. तुमच्या गैरहजेरीत शिपायाला किंवा मुलांना संहत आम्ल ओतायला लावायचं नाही, हे सरांना स्पष्ट सांगा. दहावीच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना 20 गुण आहेत, त्यांच्या ऐन धांदलीत संमेलन असतं तर मी कदाचित वेगळं बोलले असते. पुढच्या महिन्यात तसं काही नाही.

आता ती दहा मिनिटं. "मी बोलणार काय" असं तुम्ही विचारता आणि दोनच ओळींनंतर उत्तर स्वतःच लिहिता. गोळ्यांची पाकिटं. त्यावर बोला, दुसऱ्या कशावरही नको.

तुम्ही त्याला भागवणं म्हणता. जगभरातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी त्याच पद्धतीवर मेहनत घेतली आहे. अगदी थोड्या, थेंबांच्या मापाच्या रसायनांत प्रयोग करण्याला सूक्ष्मस्तरीय प्रयोग म्हणतात, आणि युनेस्कोने शाळांसाठी त्याचा मोठा कार्यक्रम चालवला आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी आणि साधनं केली, त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. टाकून दिलेल्या वस्तूने प्रयोग करणं ही लाजेची गोष्ट असती तर हे घडलं असतं का? मोठ्या शाळेच्या लॅबमध्ये परीक्षानळ्या शंभर असतील, पण रसायन वाचवायची अक्कल तुमच्याकडे आहे, आणि ती त्यांनाही हवी आहे. रसायनांचा खर्च आणि सांडपाणी या दोन गोष्टींनी सगळ्याच शाळा बेजार आहेत.

बोलताना गरिबीपासून सुरुवात करू नका. "आमच्या शाळेत काहीच नाही" हे वाक्य पहिलं आलं की ऐकणाऱ्याला तुमची कीव येते आणि तो ऐकायचं थांबवतो. सुरुवात हिशेबाने करा. बेरिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेटचा दुहेरी विस्थापनाचा प्रयोग घ्या, तो सगळ्यांनी हजारदा लावलेला आहे. परीक्षानळीत एका मुलाला 5 मिली द्रावण लागलं तर साठ मुलांना 300 मिली. खळग्यात चार थेंब पुरतात. साधारण वीस थेंबांचा एक मिली धरला तर साठ मुलांना 12 मिली. म्हणजे पंचवीस पट कमी. हा आकडा फळ्यावर लिहा आणि क्षणभर थांबा. सभागृहातला प्रत्येक जण मनात आपल्या शाळेचा हिशेब करू लागेल.

मग पाकीट हातात धरून दाखवा, आणि इथे तुमच्या हाताला जे कळलेलं आहे ते नेमकं सांगा. पारदर्शक प्लॅस्टिकचं पाकीट घ्यायचं, मागचा चंदेरी कागद पूर्ण सोलून काढायचा, कडेलाही राहू द्यायचा नाही, कारण तो ॲल्युमिनिअमचा असतो आणि आम्ल व कॉस्टिक सोडा दोन्ही ॲल्युमिनिअमला खातात. दोन्ही बाजूंनी धातूचा पत्रा असलेली पाकिटं त्यामुळे चालत नाहीत. खळगे आधी धुऊन वाळवायचे, औषधाची भुकटी राहिली तर निकाल चुकतो. पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळता तळाशी बसणारा साका, दिसायला खाली काळा कागद ठेवायचा. प्रत्येक द्रावणाला वेगळा ड्रॉपर, आणि ड्रॉपरचं टोक खळग्यातल्या द्रावणाला लावायचं नाही. यातलं निम्मं तुम्ही रोज करतच असाल आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तुम्हाला वाटत नसेल. पण ऐकणाऱ्यांना तेच हवं आहे.

काय जमत नाही तेही सांगा, ते फार महत्त्वाचं आहे. तापवायचे प्रयोग पाकिटात होत नाहीत. फेरस सल्फेट तापवून लाल-तपकिरी अवशेष दाखवायला कठीण काचेची परीक्षानळीच लागते. जिथे वायू गोळा करायचा तिथेही खळगा कामाचा नाही. विस्थापनासाठी कॉपर सल्फेटमध्ये लहानसा लोखंडी खिळा बसतो, पण वेळ लागतो, तास संपत आला की मुलं उठतात. आणि टाकाऊ द्रावणाचं काय करता ते जरूर बोला. बेरिअम क्लोराइड विषारी आहे. सगळ्या पाकिटांतलं द्रावण एका बरणीत जमवून त्यात जादा सोडिअम सल्फेट घातलं की उरलेलं बेरिअम अवक्षेप होऊन तळाशी बसतं, आणि बेरिअम सल्फेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते वेगळं ठेवता येतं. तुमची बेसिनची लाइन तुंबलेली आहे ना? मग तिथे काहीच ओतता येत नाही म्हणून तुम्ही काय व्यवस्था केलीत, ते या जागी सांगा. तक्रार म्हणून नाही, पद्धत म्हणून.

एवढ्यात दहा मिनिटं भरतात. सुरुवातीला व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेत तीन मिनिटं घालवू नका, एक नमस्कार पुरे. कागदावर लिहून नेलेलं वाचूनही दाखवू नका. घरी एकदा, लॅबमध्ये सरांसमोर एकदा, असं दोनदा मोठ्याने बोलून बघा. हातात पाकीट, ड्रॉपर आणि काळा कागद असला की तुमचे हात बोलू लागतील, भीती त्यात विरून जाते. द्रावणं मात्र तिथल्या महाविद्यालयाकडून मागून घ्या, आयोजकांना आधीच कळवा. शेवटी एक प्रश्न टाका, खराखुरा, ज्याचं उत्तर तुम्हाला हवं आहे. उदाहरणार्थ, "ही पाकिटं किती वेळा धुऊन वापरावीत? तुमच्याकडे कुणी करतं का?" मग चहाच्या वेळी लोक तुम्हाला शोधत येतील. इंग्रजीची चिंता करू नका, तिथे सगळे आपल्याच बोलीतले असणार, आणि "ब्युरेट", "पिपेट", "डेडस्टॉक" हे शब्द तर तुमचेच आहेत.

ऐकायला जाताना वहीत प्रश्न लिहून न्या, कोरी वही घेऊन जाऊ नका. आणि आपल्या कपाटांचे, टेबलांचे, बेसिनचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. "आमचं कपाट असं आहे" हे दाखवून विचारलं की उत्तर नेमकं मिळतं. तुमच्या जागी मी काय विचारलं असतं ते सांगते.

जुन्या नोंदवहीत द्रावणांच्या कृती "नॉर्मल" या तीव्रतेच्या जुन्या मापात लिहिलेल्या असतात आणि आता सगळीकडे "मोलर" हे माप आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचं दोन्ही सारखंच, पण सल्फ्युरिक आम्लाचं 1 मोलर म्हणजे 2 नॉर्मल. ही गफलत शाळाशाळांत चालू आहे. बाजारातलं संहत हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण 12 मोलर, त्यातून 1 मोलरचं एक लिटर करायला सुमारे 83 मिली लागतं. संहत सल्फ्युरिक आम्ल साधारण 18 मोलर, त्याचं सुमारे 55 मिली. आम्ल नेहमी पाण्यात, थोडं थोडं, ढवळत, पाणी कधीच आम्लात नाही. तुम्ही हे जाणताच, पण तिथून निघताना अशा रोजच्या द्रावणांचा एक तक्ता पाच-दहा जणांनी मिळून ताडून घेतला तर तो लॅबच्या भिंतीवर लावता येईल, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला कामाला येईल.

बाटल्यांवर बसणारी पांढरी भुकटी तुमच्याकडेही असेल. अमोनियाची बाटली हायड्रोक्लोरिक आम्लाजवळ ठेवली की दोघांच्या वाफा मिळून अमोनिअम क्लोराइड बसतं. ते पुसत राहण्यापेक्षा बाटल्या लांब ठेवायला हव्यात. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने बाटल्या लावायची जी सवय आहे तिच्यामुळे नको त्या बाटल्या शेजारी येतात. नायट्रिक आम्लाजवळ ॲसिटिक आम्ल किंवा स्पिरिट ठेवू नये, असं किती कपाटांत पाळलं जातं? इतर शाळांनी एकाच लहान कपाटात हे कसं जमवलं ते विचारा. सोडिअमच्या बाटलीतलं केरोसीन उडून कमी होतं, ते कोण, किती दिवसांनी बघतं, हेही विचारा.

पारा हा मोठा विषय आहे. जुने तापमापी फुटले की बहुतेक ठिकाणी झाडूने लोटतात, आणि त्याने पाऱ्याचे आणखी बारीक गोळे होऊन फटींत जातात. खिडक्या उघडून, मुलांना बाहेर काढून, जाड कागदाच्या कडेने आणि ड्रॉपरने गोळे जमवायचे, झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवायचे, फटींत गंधकाची भुकटी टाकायची. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली आहे, तेव्हा नवे घेताना अल्कोहोलचेच तापमापी मागवा. पण शाळांत साठलेला जुना पारा कुणाकडे द्यायचा, त्याचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून तो रीतसर कमी करणं, कागदोपत्री कसं करायचं, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडूनच शिकावं लागतं. असा एखादा मनुष्य तिथे भेटला तर त्याला सोडू नका, त्याच्या निर्लेखनाच्या प्रस्तावाचा फोटो मागून घ्या. मुदत उलटलेल्या रसायनांसाठीही तोच नमुना उपयोगी पडेल.

आणि पाणी. तुमच्या लॅबमध्ये धड पाणी नाही, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला ते वाचून चिंता वाटली. डोळ्यात आम्ल किंवा कॉस्टिक सोडा उडाला तर लगेच, निदान पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्याने डोळा धुवावा लागतो. तोटीचा 20 लिटरचा एक जार रोज सकाळी स्वच्छ पाण्याने भरून, टेबलाच्या उंचीवर, फक्त या कामासाठी ठेवा. मिनिटाला एक लिटर या धारेने तो वीस मिनिटं चालतो. तोवर मुलाला दवाखान्यात न्यायची सोय होते. यासाठी संमेलनाची वाट बघू नका. मुख्याध्यापकांना बाटलीविषयी पत्र द्याल त्यातच जार मागा.

एक अंदाज आधीच देऊन ठेवते. तिथे जेवणाच्या वेळी गप्पा आकृतीबंधावर, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर यावर, जातील, रिकाम्या पदांवर जातील, 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांच्या पेन्शनवर जातील, लॅब सोडून ऑफिसची कामं करावी लागतात यावर जातील. हे सगळं खरं आहे आणि त्यावर बोलायलाच हवं. त्यासाठी शिक्षकेतर संघटनेची अधिवेशनं असतात, तिथेही जा, वर्गणी भरा, मोर्चा असेल तर उभ्या राहा. पण या दोन दिवसांतला प्रत्येक तास त्यात गेला तर पारा आणि आम्ल जिथल्या तिथे राहील. तुमच्या टेबलावर गप्पा तिकडे वळल्या तर फोटो काढून विचारा, "बरं, हे कपाट बघा जरा." लोक लगेच वळतात, मी पाहिलं आहे. कामाविषयी विचारणारं कुणी भेटलं की माणसाला बरं वाटतं.

तिथल्या सगळ्या भाषणांना बसायलाच पाहिजे असं नाही. उद्घाटनाची भाषणं लांबली तर लांबू देत, वहीत आपले प्रश्न नीट करा. पण महाविद्यालयाची प्रयोगशाळा दाखवायचा कार्यक्रम असेल तर तो चुकवू नका, आणि तिथल्या प्रयोगशाळा सहाय्यकांशी आवर्जून बोला. द्रावणांच्या बाटल्यांवर तारीख कशी घालतात, फुटतूट नोंदवही कशी ठेवतात, ते त्यांच्याकडे बघून घ्या. प्राध्यापकांपेक्षा त्यांना तुमचे प्रश्न जास्त कळतील.

घरच्याविषयी थोडं. तुम्ही लिहिता की सासूबाई तोंडाने काही म्हणणार नाहीत. मग त्यांना आधी सांगा, नवऱ्याच्या आधी. काय बोलणार आहात ते सांगा, पाकीट दाखवा, चार थेंबांचा प्रयोग स्वयंपाकघराबाहेर, ओट्यापासून लांब, हळदीच्या पाण्यात आणि चुन्याच्या निवळीत करून दाखवा. मुक्कामासाठी आयोजकांना विचारा, बाहेरगावच्या महिलांची सोय एकत्र कुठे केली आहे, सोबत कोण आहे, आणि ते नाव घरी सांगा. तुमच्याच तालुक्यातून आणखी कुणी जात असेल तर एकाच एसटीने जा. एवढं ठरलेलं असलं की चेहरे फारसे बदलत नाहीत. आणि थोडे बदललेच, तर बदलू द्या.

परत आल्यावर कबूल केलेलं एक पान मुख्याध्यापकांना द्या. त्यात दहा सूचना करू नका. पैसे न लागणाऱ्या दोन आणि पैसे लागणारी एक, एवढंच लिहा. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वेगळं करणं, बाटल्यांवर तारखा घालणं, हे त्याच आठवड्यात स्वतः करून टाका. सरांना मात्र आधी सांगा. त्यांनीच तुमचं नाव कळवलं, त्यांना तुमच्या कामाची किंमत आहे. लॅबमधले बदल त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळले तर त्यांना लागेल. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात प्रयोगशाळा सहाय्यक आणि परिचरांचा वेगळा गट असतो, त्यासाठी ही पाकिटं नीट फळीवर बसवून, निवडक प्रयोगांची कार्डं करून मांडता येतील. सरांना त्यात सोबत घ्या.

आणि तिथे भेटलेल्यांपैकी ज्यांच्याशी खरोखर पटलं अशा चार-पाच जणांचे नंबर घ्या. शुभेच्छांनी भरलेला शंभर जणांचा गट नको. ज्यांना संध्याकाळी फोन करून "ग्लेशिअल ॲसिटिक आम्ल थंडीत गोठलंय, काय करू?" असं विचारता येईल, अशी माणसं हवीत. त्याचं उत्तर आत्ताच देऊन ठेवते. ते 16–17 अंशांखाली गोठतंच, बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवा, ज्योतीवर धरू नका.

आयोजकांना होकार आजच कळवा, आणि द्रावणांची यादी त्याच पत्रात पाठवा.